पैनगंगा–वर्धा संगम परिसरातील जुन्या कोळसा खाणी

पैनगंगा–वर्धा संगम परिसरातील जुन्या कोळसा खाणी हा महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या काठाने पसरलेला बंद आणि चालू खाणींचा प्रदेश आहे. भूशास्त्रात तो वर्धा खोरे कोळसा क्षेत्राचा भाग गणला जातो. येथील वरोरा खाणीतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी मालकीखाली कोळसा काढला जाऊ लागला. त्यानंतर बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, चंद्रपूर आणि सास्ती या ठिकाणी खाणी सुरू झाल्या. बंद पडलेल्या खाणींचे अवशेष, मातीचे ढिगारे, पाण्याने भरलेले खड्डे आणि खचलेली जमीन नदीकाठाने चालताना आजही दिसतात. हे अवशेष औद्योगिक इतिहासाची साधने आहेत. त्याचबरोबर त्यांच्यावर आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही त्यांच्याशी निगडित आहे.

स्थान आणि नद्या

पैनगंगा नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. तेथून ती वाशीम जिल्ह्याच्या दक्षिण भागातून आणि वाशीम–हिंगोली सीमेवरून वाहते. पुढे ती यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या व नंतर महाराष्ट्र आणि तेलंगणा या राज्यांच्या सीमेवरून पूर्वेकडे जाते. सुमारे ६७५ किलोमीटरचा प्रवास करून ती चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसजवळील वढा येथे वर्धा नदीला मिळते. ईसापूरचे धरण आणि सहस्रकुंडचा धबधबा ही तिच्या वाटेवरील प्रसिद्ध ठिकाणे होत.

वाशीम जिल्ह्याचे पठार हा तापी आणि गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. येथून काटेपूर्णा उत्तरेकडे पूर्णेला जाऊन मिळते, तर पूस, अडाण आणि अरुणावती या नद्यांचे पाणी अखेर पैनगंगेत येते. त्यामुळे वाशीमच्या शिवारात पडलेल्या पावसाचा मोठा वाटा वढ्याच्या संगमावरून, म्हणजे कोळशाच्या प्रदेशातून, पुढे वाहतो. संगमानंतर वर्धा नदी बल्लारपूर आणि राजुरा यांच्या मधून दक्षिणेकडे जाते. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी तिला हडस्ती येथे मिळते. पुढे वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते आणि ती गोदावरीत विलीन होते.

वाशीमच्या पठारावर कोळसा का सापडत नाही

एकाच नदीच्या वरच्या खोऱ्यात एकही कोळसा खाण नाही आणि खालच्या खोऱ्यात त्या रांगेने आहेत, याचे कारण खडकांत आहे. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे जिल्ह्याचे सहाही तालुके दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, वसले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला. त्यातून घडलेल्या या खडकात वनस्पतींचे अवशेष दडपून कोळसा होण्याची प्रक्रिया घडली नाही. त्याच्या खाली अधिक जुने खडक असले, तरी ते लाव्ह्याच्या जाड आवरणाखाली झाकले गेले आहेत.

या पठारावर जमिनीतून जे काढले जाते ते मुख्यतः बांधकामासाठीचे असते. काळा दगड, गिट्टी, मुरूम आणि नदीची वाळू ही त्यातील प्रमुख द्रव्ये होत. गावोगावच्या टेकड्यांना पडलेले चौकोनी खड्डे हे दगडखाणींचे असतात. वाशीमच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून मात्र पूर्वी क्षार काढले जात. प्रतीनुसार त्यांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावे होती. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार केले जाई. वऱ्हाडातील हे जुने उद्योग बंद पडले आणि खनिजांच्या बाबतीत विदर्भाचे लक्ष पूर्वेकडील कोळशाकडे वळले.

भूशास्त्रीय रचना

पैनगंगा पूर्वेकडे सरकू लागली की बेसाल्टचे आवरण पातळ होत जाते आणि त्याखालचे खडक उघडे पडतात. प्रथम चुनखडीचे अतिप्राचीन थर दिसतात. नदीच्या नावावरून भूशास्त्रज्ञांनी त्यांना पैनगंगा गट असे नाव दिले आहे. घुग्घुस, गडचांदूर आणि राजुरा परिसरातील सिमेंट कारखाने याच चुनखडीवर उभे आहेत. वणी तालुक्यातील राजूर येथील चुन्याच्या भट्ट्याही याच दगडामुळे प्रसिद्धीस आल्या.

चुनखडीच्या वर गोंडवन समूहाचे थर येतात. त्यातील सर्वांत खालचा तालचीर थर हिमनद्यांनी वाहून आणलेल्या दगडगोट्यांचा आहे. पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ या थराखालील चुनखडीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेले आढळले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आज उन्हाळ्यात ज्या भागाचे तापमान देशातील सर्वाधिक तापमानांमध्ये मोजले जाते, तेथे एके काळी बर्फ होते याचा हा प्रत्यक्ष पुरावा ठरला. दक्षिण गोलार्धातील खंड पूर्वी एकत्र होते या सिद्धान्ताच्या चर्चेत अशा पुराव्यांना मोठे महत्त्व मिळाले.

तालचीर थराच्या वर बराकर हा कोळसा देणारा थर आहे. पर्मियन काळात, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, येथील दलदलीच्या प्रदेशात वाढलेल्या वनस्पती गाळाखाली दबून हा कोळसा तयार झाला. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेसारख्या आकाराच्या पानांचे ठसे कोळशालगतच्या खडकांत मिळतात. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे वैशिष्ट्य म्हणजे अनेक पातळ थरांऐवजी बहुतेक ठिकाणी एकच जाड थर असतो. काही भागांत त्याची जाडी १५ मीटरहून अधिक आहे. या कोळशात ओलावा आणि राख यांचे प्रमाण बरेच असते. पोलाद कारखान्यांना लागणारा कोक त्यापासून होत नाही, म्हणून तो मुख्यतः वीजनिर्मिती आणि सिमेंट उद्योगासाठी वापरला जातो.

बराकरच्या वर कामठी वालुकाश्म आहे. याच खोऱ्यातील मांगली येथे सापडलेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीस रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव डायनासोरच्या जीवाश्मांसाठी ओळखले जाते. तेथील लॅमेटा थर मात्र कोळशाहून पुष्कळच अलीकडचे आहेत.

इतिहास

वरोरा खाण

ब्रिटिश राजवटीत मध्य प्रांतात लोहमार्ग आले तेव्हा इंजिनांसाठी लागणारा कोळसा बंगालमधून दूरवरून आणावा लागत असे. त्यामुळे चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, कोळशाचा शोध घेण्यास सरकारने उत्तेजन दिले. या शोधाचे काम केलेले भूशास्त्रज्ञ थिओडोर ह्यूज यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रावरील सविस्तर अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अनेक दशके तो या विषयाचा आधारग्रंथ मानला गेला.

वरोरा येथील खाण १८७० च्या दशकात सुरू झाली. ती सरकारच्या मालकीची होती. तिच्या कोळशाच्या वाहतुकीसाठी वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा लोहमार्ग टाकण्यात आला. त्याचे नावच वर्धा कोळसा रेल्वे असे होते. पुढे दक्षिणेकडे बल्लारपूरपर्यंत वाढवलेला हा मार्ग आज दिल्ली–चेन्नई या मुख्य लोहमार्गाचा भाग आहे. म्हणजे ज्या मार्गाने आज दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात, त्याचा पहिला टप्पा एका खाणीसाठी घातला गेला होता.

वरोऱ्याच्या कोळशात गंधकयुक्त लोहखनिज असल्यामुळे तो हवेच्या संपर्कात तापून आपोआप पेट घेत असे. आगीमुळे खाणीचे काही भाग विटांच्या भिंती बांधून बंद करावे लागत. काढण्याजोगा कोळसा संपत आल्यावर १९०६ मध्ये ही खाण बंद झाली आणि तिची जागा बल्लारपूरच्या नव्या खाणीने घेतली. वरोऱ्याची अर्थव्यवस्था पुन्हा कापूस आणि धान्याच्या बाजारावर आली. पुढे शहरालगतच्या ओसाड जमिनीवर बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले. त्यासाठीची महारोगी सेवा समिती ही संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली होती.

बल्लारपूर, घुग्घुस, राजूर आणि सास्ती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर खाणी वाढल्या. डाव्या काठावर घुग्घुस, चंद्रपूर आणि बल्लारपूर येथे, तर वणी तालुक्यात राजूर येथे भूमिगत खाणी चालत. चंद्रपूर शहराच्या परकोटाबाहेर महाकाली, रय्यतवारी आणि लालपेठ या नावांच्या खाणी होत्या. त्यातील पहिलीचे नाव शहराच्या ग्रामदेवतेवरून पडलेले आहे.

उजव्या काठावरील राजुरा तालुका त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. तेथील सास्ती आणि पवनी येथील कोळशाची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी ग्रंथांत आढळते. त्यामुळे एकाच थराचा कोळसा नदीच्या एका बाजूला ब्रिटिश हिंदुस्थानचा आणि दुसऱ्या बाजूला निजामाचा मानला जाई. राज्यपुनर्रचनेनंतर राजुरा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तो तत्कालीन चांदा जिल्ह्यास जोडला गेला.

राष्ट्रीयीकरण

स्वातंत्र्यानंतरही बहुतेक खाणी खाजगी मालकांकडे होत्या. केंद्र सरकारने ३१ जानेवारी १९७३ रोजी कोक न होणाऱ्या कोळशाच्या खाणींचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि १ मे १९७३ पासून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये कोल इंडिया या कंपनीची स्थापना झाली. तिच्या अंतर्गत नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडकडे विदर्भातील खाणी आल्या. मराठी वृत्तपत्रांत आणि बोलण्यात ही कंपनी वेकोलि या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. त्यानंतर भर भूमिगत खाणींकडून खुल्या खाणींकडे गेला. दुर्गापूर, पद्मापूर, माजरी, निलजई, उकणी, मुंगोली, पैनगंगा आणि सास्ती या खुल्या खाणी त्याच विस्ताराचा भाग आहेत. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झाले. २,९२० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र या कोळशाचा मोठा ग्राहक आहे.

भूमिगत खाणकामाची पद्धत

जुन्या खाणींचे अवशेष समजून घेण्यासाठी त्या काळची कामाची रीत माहीत असणे आवश्यक आहे. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी उभी विहीर खोदली जाई किंवा तिरकस उतरणीचा बोगदा काढला जाई. खाणकामगारांच्या बोलीत उभ्या विहिरीस चानक म्हणतात, तर उतरणीच्या बोगद्याला इन्क्लाइन हा इंग्रजी शब्दच रूढ आहे. थरात पोहोचल्यावर एकमेकांना छेदणाऱ्या गल्ल्या काढून कोळसा बाहेर आणला जाई. गल्ल्यांच्या मधे कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून ठेवले जात. वरून पाहिल्यास ही रचना बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते.

पुढच्या टप्प्यात हे खांबही काढून घेतले जात आणि मागे राहिलेली पोकळी एक तर कोसळू दिली जाई किंवा वाळूने भरली जाई. वरती गाव, रस्ता, लोहमार्ग किंवा नदी असेल तेथे वाळू भरणे महत्त्वाचे ठरते. पाण्यात मिसळलेली वाळू नळांतून खाली सोडली जाते, पाणी उपसून घेतले जाते आणि वाळू पोकळीत घट्ट बसते. नद्यांच्या काठी असलेल्या खाणींना ही वाळू नदीपात्रातूनच मिळत असे. जेथे खांब अरुंद ठेवले गेले किंवा वाळू भरली गेली नाही, तेथे छत अनेक दशकांनंतरही कोसळू शकते. कोळसा हवेने आणि पाण्याने झिजतो, खांब बारीक होत जातात आणि वरचा भार मात्र तेवढाच राहतो.

नदीकाठावरील अवशेष

या काठाने जाणारा मार्ग मुख्यतः शेतकरी, गुराखी आणि मासेमार यांच्या पायवाटांचा व पांदण रस्त्यांचा आहे. तो कोठे नदीला लागून जातो, तर कोठे खाणीच्या कुंपणामुळे आत वळतो.

वढा येथील संगमावर पैनगंगेचे पाणी वर्धेला मिळताना दिसते. संगमाच्या परिसरात वढा आणि जुगाद या ठिकाणी जुनी देवस्थाने आहेत आणि कार्तिक महिन्यात वढ्याला यात्रा भरते. येथून घुग्घुसच्या दिशेने जाताना क्षितिजावर सपाट माथ्याच्या टेकड्या दिसू लागतात. या नैसर्गिक टेकड्या नाहीत. खुल्या खाणीतून कोळशाच्या वरची माती आणि दगड काढून रचलेले ते ढिगारे आहेत. पायऱ्यापायऱ्यांचा उतार, सुबाभूळ व विलायती बाभळीची दाट वाढ आणि पावसाने पडलेल्या खोल घळ्या यांवरून ते ओळखता येतात. नैसर्गिक टेकडीत खडकांचे थर सलग दिसतात. ढिगाऱ्यात वालुकाश्म, काळसर शेल आणि चिकणमाती यांची सरमिसळ असते.

जुन्या भूमिगत खाणींच्या खुणा अधिक सूक्ष्म असतात. बांधकामाने बुजवलेले इन्क्लाइनचे तोंड, चानकेभोवतीची गोल भिंत, वायुवीजनाच्या पंख्यासाठी बांधलेली विटांची वास्तू, टब ओढणाऱ्या यंत्राचा चौथरा आणि रूळ काढून नेलेला मातीचा बांध या त्यांतील नेहमीच्या खुणा होत. शेतात एकाएकी दिसणारा बशीच्या आकाराचा उतार किंवा सरळ रेषेत पडलेली भेग ही खालची पोकळी कोसळल्याची चिन्हे असतात. पावसाळ्यात अशा उतारांत पाणी साचून लहान तळी तयार होतात.

बल्लारपूर येथे वर्धेच्या काठी गोंड राजांचा किल्ला आहे. खांडक्या बल्लाळशाह या राजाच्या नावाशी शहराचे नाव जोडले जाते. किल्ल्याच्या बुरुजावरून नदीचे पात्र, लोहमार्गाचा पूल आणि कोळशाने वाढलेले शहर ही तीन वेगवेगळ्या काळांची दृश्ये एकत्र दिसतात. पलीकडच्या तीरावर सास्तीच्या बाजूचे ढिगारे आहेत.

जमीन खचण्याचा धोका

बंद खाण ही मृत खाण असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती जमिनीखाली बदलत राहते. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने जीवितहानी झाली नाही. त्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळ्या होत्या. घटनेनंतर आसपासच्या कुटुंबांना तेथून हलवण्यात आले. घुग्घुसची वस्ती कोळशामुळेच वाढली होती. ज्या कामाने घरे उभी राहिली, त्याच कामाने ठेवलेल्या पोकळीने त्यातील एक घर गिळले.

या घटनेमुळे जुन्या खाणींच्या नकाशांचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले. कोणती गल्ली कोठपर्यंत गेली, खांब कोठे काढले आणि वाळू कोठे भरली हे त्या नकाशांवरूनच कळते. मालकी बदलत गेल्यास नकाशे अपुरे राहतात आणि वरती नवी घरे बांधणाऱ्यांना खालच्या पोकळीची कल्पना नसते.

जुन्या पोकळ्यांतील साचलेले पाणी हा दुसरा धोका आहे. तत्कालीन मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून साठाहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. विदर्भ तेव्हा त्याच राज्यात होता. झारखंडमधील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी वरच्या भागातील साचलेले पाणी खाली फुटून ३७५ कामगारांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांमुळे चालू खाण आणि पाण्याने भरलेली जुनी खाण यांच्यामध्ये कोळशाची जाड भिंत राखणे, पुढे खोदण्याआधी चाचणी छिद्रे पाडणे आणि नदीच्या पूररेषेपेक्षा उंच बांध घालणे या नियमांची काटेकोर अंमलबजावणी आवश्यक मानली जाते. भारतात या नियमांची देखरेख धनबाद येथे मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय करते.

नदीवर होणारे परिणाम

खाणकामाचा नदीवर तीन प्रकारे परिणाम होतो. पहिला परिणाम मातीचा आहे. ढिगाऱ्यांवरून पावसात वाहून आलेला गाळ नाल्यांतून नदीत येतो आणि पात्र उथळ करतो. ढिगारे नदीच्या अगदी जवळ असल्यास पुराच्या पाण्याला पसरण्यास जागा उरत नाही आणि ते समोरच्या काठावरील गावांत शिरते. जुलै २०२२ मध्ये वर्धा व इरई या नद्यांना पूर आला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

दुसरा परिणाम पाण्याच्या पातळीवर होतो. खाण कोरडी ठेवण्यासाठी तिच्यातील पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाते. उपसलेले पाणी मात्र जवळच्या नाल्यात सोडल्यास तो नाला उन्हाळ्यातही वाहतो. खाण बंद झाली आणि उपसा थांबला की विहिरींचे पाणी पुन्हा वर येते, पण नाल्याचा तो बारमाही प्रवाह संपतो. त्या पाण्यावर बागायत करू लागलेल्या शेतकऱ्यांना हा बदल जाणवतो. खाणीतील पाणी योग्य प्रक्रिया करून वापरता येते. नागपूर जिल्ह्यात वेकोलिने असे शुद्ध केलेले पाणी ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद स्वरूपात आणले आहे.

तिसरा परिणाम प्रदूषणाचा आहे. कोळशाची धूळ, वीज केंद्राची राख आणि कारखान्यांचे सांडपाणी यांमुळे चंद्रपूरचे नाव देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथे ठरले. या निर्देशांकात अधिक गुण म्हणजे अधिक प्रदूषण होय.

जमीन आणि विस्थापन

कोळशासाठीची जमीन मुख्यतः कोळसाधारक क्षेत्र (संपादन व विकास) अधिनियम, १९५७ अन्वये संपादित केली जाते. काळ्या कसदार जमिनीवर कापूस, सोयाबीन, तूर आणि गहू पिकवणारी गावे त्यामुळे उठली. विस्थापितांचे प्रश्न मोबदला, कुटुंबातील एका व्यक्तीला नोकरी आणि पुनर्वसित गावातील सोयी यांभोवती फिरतात. कोळसा संपल्यावर ती जमीन मूळ मालकाला परत देण्याची स्पष्ट तरतूद या कायद्यात नाही. म्हणून बंद खाणीच्या जमिनीचे पुढे काय करावे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार खाण चालू असतानाच ती बंद करण्याच्या खर्चाची रक्कम वेगळ्या खात्यात जमा करावी लागते. खड्डा भरणे, ढिगाऱ्यांवर झाडे लावणे, बोगद्यांची तोंडे बुजवणे आणि परिसरावर काही वर्षे लक्ष ठेवणे ही कामे त्यात येतात. त्यापूर्वीच्या शंभरहून अधिक वर्षांत बंद झालेल्या खाणींच्या बाबतीत असा कोणताही निधी आधी बाजूला काढलेला नव्हता. वरोऱ्यासारख्या खाणी या जुन्या वर्गात मोडतात.

लोकजीवन

खाणींनी या भागाची लोकवस्ती बदलली. स्थानिक मराठी आणि गोंड समाजाबरोबरच तेलुगू भाषक, छत्तीसगढी आणि उत्तर भारतीय कामगार येथे आले. बल्लारपूरला ‘मिनी इंडिया’ असे संबोधले जाते. कॉलरी, खदान, चानक, सरदार, ओव्हरमन, टब आणि हॉलेज असे शब्द येथील रोजच्या बोलीत रुळले. सरदार हा शब्द येथे पथकाच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या परवानाधारक कर्मचाऱ्यासाठी वापरला जातो. तो आत जाऊन छत ठोकून पाहतो आणि आवाजावरून दगड सैल आहे की पक्का हे ठरवतो. त्याने संमती दिल्याशिवाय कामगार पुढे जात नाहीत.

वारसा आणि पर्यटन

इतर देशांत जुन्या खाणींचे जतन वारसा म्हणून करण्यात आले आहे. वेल्समधील ब्लेनावॉन येथील औद्योगिक परिसर २००० मध्ये आणि जर्मनीतील त्सोलफेराइन खाण २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील सावनेर परिसरात वेकोलिने महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने खाण पर्यटन सुरू केले. त्यात पर्यटकांना प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसोबत भूमिगत खाण दाखवली जाते.

वर्धा–पैनगंगा काठावर भूशास्त्र, गोंडकालीन इतिहास आणि उद्योगाचा इतिहास एकाच पट्ट्यात आढळतो. हिमनदीचे ओरखडे असलेली चुनखडी, कोळशाचा थर, संगमावरील देवस्थाने, बल्लारपूरचा किल्ला आणि खाणीसाठी घातलेला लोहमार्ग यांतील अंतर फारसे नाही. शालेय सहलींना भूगोल आणि इतिहास या दोन्ही विषयांचा अभ्यास येथे प्रत्यक्ष करता येतो.

सुरक्षितता

चालू खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश करण्यास मनाई आहे. बंद बोगद्यांत प्राणवायूचे प्रमाण कमी आणि विषारी वायूंचे प्रमाण अधिक असू शकते, म्हणून त्यात कधीही शिरू नये. पाण्याने भरलेल्या खुल्या खाणींचे काठ सरळ उभे आणि ठिसूळ असतात. वरून शांत दिसणारे हे पाणी काठापासूनच खोल असते, त्यामुळे त्यात पोहणे जीवघेणे ठरते. ढिगाऱ्यातून धूर किंवा वाफ निघत असल्यास आत कोळसा जळत असल्याची ती खूण असते आणि अशा जागी पायाखालची जमीन पोकळ असू शकते.

झुडपांनी वेढलेल्या ढिगाऱ्यांत बिबट्या आणि वाघ यांचा वावर असतो. ताडोबाच्या जंगलाजवळील दुर्गापूर आणि वीज केंद्राच्या परिसरात वन्यप्राणी व माणूस यांच्या संघर्षाच्या घटना घडल्या आहेत. त्यामुळे पहाटे आणि सायंकाळनंतर या वाटांनी एकट्याने जाणे टाळावे. शेतातील नवी भेग किंवा घराच्या भिंतीला अचानक गेलेला तडा दिसल्यास ग्रामपंचायत अथवा नगर परिषद, तहसील कार्यालय आणि जवळच्या खाण व्यवस्थापनाला लगेच कळवणे आवश्यक आहे.